शनिवारपर्यंतची मिरची

जालन्यात मी नेमकं काय काम करते हे माझ्या आईला अजून सांगता येत नाही. ती शेजारणींना सांगते, पोरगी बियाण्याच्या कंपनीत कॉम्प्युटर बघते. बघते म्हणजे काय, नुसती बघत बसते का, असं एकीनं विचारलं तेव्हा आईला राग आला आणि मला हसू. ती बाई काही चुकीचं बोलली नव्हती. माझे बहुतेक दिवस बघण्यातच जातात. सगळं सुरळीत चाललं असलं की मी ऑफिसात आहे का मेले हे कुणाला ठाऊक नसतं. जिन्याखाली माझी खोली आहे, तिथं बारा महिने एसी चालू असतो. त्यामुळं भर मे महिन्यात मी स्वेटर घालून बाहेर येते आणि लोक मला ताप आलाय का म्हणून विचारतात.

खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात दोन सर्व्हर आणि दोघांच्या मध्ये डिस्कचं एक सामाईक खोकं. हजेरीचा, हिशोबाचा, संशोधन विभागाचा असे कंपनीत जे वेगवेगळे कॉम्प्युटर आहेत असं सगळ्यांना वाटतं, ते खरं तर या दोन सर्व्हरच्या पोटात चालतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. हात लावायला काही नाही, पण काम मात्र खऱ्या कॉम्प्युटरचं. एक सर्व्हर बंद पडला की दुसरा त्याच्या वाटची मशीन आपल्याकडं चालू करतो. एका घरातल्या दोन जावांसारखं आहे हे. एक माहेरी गेली की दुसरी तिची चूल सांभाळते. फक्त दोघींना एकमेकींची हाक ऐकू यायला पाहिजे. ती हाक दोन बारीक केबलींतून जाते.

आता खंडेनवमीचं सांगते. त्या दिवशी इकडं हत्यारं-यंत्रं धुऊनपुसून त्यांची पूजा करतात. कंपनीतही होते. आधी वजनकाटे, मग बी चाळायची यंत्रं, मग ट्रॅक्टर आणि सगळ्यात शेवटी माझी खोली. मी बौद्ध घरातली. आमचं घर मंठ्याला, वडील शिक्षक होते. दसरा म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, म्हणून मी दरवर्षी एक दिवस आधीच सुटी टाकून घरी जाते. जाताना खोलीची किल्ली आमच्या शिपाईमामांकडं देते. थांबा, असं ते म्हणत नाहीत आणि खोलीत काय काय करता, असं मी विचारत नाही. कुणाच्या मनात काही वाईट नाही. पण खरं सांगू का, किल्ली देऊन बसस्टँडकडं चालताना मला दरवर्षी फार एकटं वाटतं. वर्षभर त्या खोलीत मी एकटी कुडकुडत बसते, आणि ज्या दिवशी सगळं ऑफिस तिथं जमून पेढे खातं, त्या दिवशी नेमकी मी नसते.

त्या वर्षीही तसंच झालं. दसऱ्याच्या सकाळी मी पांढरी साडी नेसून आईबरोबर विहारात बसले होते. वंदना संपून खिरीची पातेली बाहेर येत होती, तेवढ्यात फोन आला. संशोधन विभागातले मोठे सर होते.

"मॅडम," ते म्हणाले, "माझी मिरची उघडून न्हाई राह्यली."

या सरांबद्दल सांगायला पाहिजे. अंबडकडच्या शेतकरी घरातले, तोंडानं फटकळ, डोक्यावर कायम एक मळकी टोपी. ते तेरा-चौदा वर्षं एकाच मिरचीच्या मागं लागले होते. चुरडा-मुरडा रोगानं जिची पानं वळणार नाहीत आणि जिचा तिखटपणाही जाणार नाही, अशी मिरची त्यांना काढायची होती. दरवर्षी हजारो झाडांतून थोडी निवडायची, त्यांचं बी धरायचं, पुन्हा लावायचं. कुठल्या झाडाची आई कोण, बाप कोण, कुणाची पानं कधी वळली, हे सगळं फोटोंसकट संशोधनाच्या मशीनमध्ये होतं. शेतात काहीच खूण नव्हती. बियाण्याच्या धंद्यातली ही रीत आहे. निवडलेल्या झाडाला दोरा बांधला की चोराला आमंत्रण दिल्यासारखं होतं, रातोरात त्याच्याच मिरच्या तोडून नेतात. म्हणून सर दोरा बांधत नसत, पाटी लावत नसत. ओळ कितवी, झाड कितवं, एवढं कॉम्प्युटरला सांगायचं आणि पुढं चालायचं. दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते. ही त्यांची शेवटची निवड होती आणि ती त्यांनी दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, रोज उन्हात फिरून पुरी केली होती.

सणाच्या दिवशी हा माणूस ऑफिसात काय करत होता, हे मी विचारलं नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा बंगळुरूला. घरी बसून करणार तरी काय होते.

मी आईला म्हणाले, मला निघावं लागेल. आजच्या दिवशी कोण कामाला जातं, असं म्हणून तिनं तोंड फिरवलं, आणि मग तिनंच खिरीचा डबा भरून दिला. बस वाटूर फाट्यावर जी थांबली ती थांबलीच. ड्रायव्हर चहा पित होता आणि मी खिडकीत बसून मनातल्या मनात कपाट उघडत होते. मशीन बंद असेल, डिस्क भरली असेल, कुणी पासवर्ड बदलला असेल. खरं कारण काही डोक्यात आलं नाही.

सर ऑफिसच्या पायरीवर बसले होते. नवा शर्ट, पण टोपी तीच. मला पांढऱ्या साडीत पाहून ते एकदम ओशाळले. तुमचाही आज सण असतो, माझ्या ध्यानातच न्हाई आलं, म्हणाले. मी म्हटलं, असू द्या सर, आधी बघू.

खोली उघडली तर झेंडूचा घमघमाट. कपाटाला हार, दोन्ही सर्व्हरला हळदीकुंकवाची बोटं, खाली नारळ. आणि स्वच्छता अशी की बघत राहावं. ज्या कपाटाच्या मागं मी फडकं मारायला भीत होते, तिथंही धुळीचा कण नव्हता. मला तिथंच शंका आली. वाकून पाहिलं. फडकं आत जावं म्हणून कुणीतरी त्या दोन बारीक केबली काढल्या होत्या आणि पुसून झाल्यावर परत लावल्या होत्या, शेजारच्या भोकांत. दिवे लुकलुकत होते. दिवे लुकलुकले म्हणजे सगळं ठीक, असंच कुणालाही वाटणार.

म्हणजे दोन्ही जावा घरातच होत्या, पण एकीची हाक दुसरीला ऐकू जाईना. मोठीला वाटलं धाकटी गेली, धाकटीला वाटलं मोठी गेली. दोघींनी एकच आमटी केली आणि दोघींनी तिच्यात मीठ घातलं. हजेरी-हिशोबाची मशीन मी सुटीपुरती बंद करून गेले होते, पण संशोधनाचं मशीन दोन्ही सर्व्हरनी चालू केलं होतं आणि आदल्या दुपारपासून दोघं मिळून एकाच डिस्कवर लिहीत होते. एकानं लिहिलेल्यावर दुसरा लिहीत होता. अशा वेळी कोण जिवंत आणि कोण मेलं हे सांगायला तिसरा एक छोटा सर्व्हर साक्षीदार म्हणून ठेवतात. मी तो मागितला होता. पुढच्या हंगामात बघू, असं उत्तर आलं होतं. बियाण्याच्या कंपनीत सगळंच पुढच्या हंगामात असतं.

माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. शिपाईमामांना फोन लावला, आज चांगली खरडपट्टी काढायची असं ठरवूनच. त्यांनी फोन उचलला आणि मी बोलायच्या आधीच सांगायला लागले, की तुमची खोली यंदा मी स्वतः पुसली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, तुम्ही नसता म्हणून तुमच्या वाटचंही मीच केलं. मी दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला. नंतर एक दिवस बसून त्यांना सगळं नीट समजावलं, पण त्या दिवशी नाही.

दोन्हीकडचं मशीन बंद केलं, केबली जागेवर लावल्या. मग डिस्क तपासायला घेतली. वर्षांची नावं असलेले फोल्डर दिसत होते, पण उघडले की आत कचरा. सर माझ्या खांद्यामागून बघत होते. त्यांना कचरा कळत होता.

"हे गेलं," ते हळूच म्हणाले, "तर मी इथं इतकी वर्षं काय करून राह्यल्तो, ते मलाच न्हाई सांगता यायचं."

मी त्यांना सांगितलं की बॅकअप आहे. दुसऱ्या इमारतीत वेगळ्या खोक्यात त्या मशीनची पूर्ण नक्कल ठेवलेली असते, ती आणून मशीन पुन्हा उभं करता येतं. त्यांचा चेहरा उजळला. मग मला पुढचं सांगावं लागलं. बाकी सगळ्या मशीनचा बॅकअप रोज व्हायचा, त्यांच्या मशीनचा फक्त शनिवारी. बॅकअप चालू असताना फोटो उघडायला वेळ लागतो, म्हणून त्यांनीच आरडाओरडा करून तो आठवड्यावर आणला होता. म्हणजे शनिवारपर्यंतचं येईल. शनिवारनंतरचं नाही.

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. रविवारपासून त्यांनी निवड केली होती.

बिघडलेल्या मशीनवर बॅकअप ओतला असता तर लवकर झालं असतं. पण त्या कचऱ्यात शनिवारनंतरचं काही शिल्लक असलं तर तेही पुसलं गेलं असतं. म्हणून जुनं तसंच ठेवलं आणि शेजारी नव्या नावानं मशीन उभं करायला सुरुवात केली. स्क्रीनवर एक निळी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकायला लागली. त्यापुढं करण्यासारखं काही नसतं, वाट बघायची असते. इतकी वर्षं ती वाट मी एकटीनंच पाहिली होती. पट्टी अडकली की तुम्ही काय करता, असं कुणी विचारतही नाही. त्या दिवशी शेजारी कुणीतरी होतं, आणि मला ते बरं वाटत होतं, याची मलाच लाज वाटत होती. त्या माणसाचं आयुष्य त्या पट्टीत अडकलं होतं.

सरांना थंडी वाजायला लागली. माझा स्वेटर त्यांना होण्यासारखा नव्हता, म्हणून मी बाहेरच्या टेबलावरचं जाड कापड काढून दिलं. ते पांघरून सर बसले. आम्ही डब्यातली खीर झाकणात घेऊन खाल्ली. ते बोलत गेले. मिरची आधी कशी होती, एका वर्षी पाऊसच पडला नाही तेव्हा टँकरनं पाणी घालून किती थोडी झाडं वाचवली, त्या थोड्यांचीच ही सगळी पोरंनातवंडं. घरी आता कुणी जेवायला वाढत नाही, हेही त्याच सुरात सांगितलं. मग खिशातून आपट्याची दोनचार पानं काढली, सकाळी गल्लीतल्या कुणीतरी दिली होती. ती हातात धरून ते जरा घुटमळले. मला द्यावीत का नाही, कळेना त्यांना. मीच हात पुढं केला.

उन्हं कलायला लागली तेव्हा पट्टी पूर्ण झाली. मी आधी नेटवर्क तोडून मशीन चालू केलं. एकाच ओळखीची दोन मशीन एकमेकांसमोर आली की नवा घोळ होतो, आणि त्या दिवशी घोळ पुष्कळ झाले होते. डिस्क तपासली. फोल्डर उघडले. आत हिरवी, वळलेली, न वळलेली पानं, एकामागून एक. सर खुर्ची ओढून एवढे पुढं आले की त्यांची टोपी स्क्रीनला लागली. त्यांनी एक जुना फोटो ओळखला, मग दुसरा. डोळे पुसले, चष्मा पुसला, पुन्हा बघत बसले. शनिवारपर्यंतची मिरची सगळी होती. तिची आई, आजी, पणजी सगळ्या होत्या.

मग मी जुन्या डिस्कमध्ये शनिवारनंतरचं शोधलं. जमेल ते सगळं करून पाहिलं. शेवटच्या निवडीची यादी नव्हतीच, फोटो अर्धे आणि तेही कुठल्या झाडाचे ते कळायला मार्ग नाही. मी तसं सांगितलं. सर म्हणाले, झाडं तर उभी हायत ना अजून, मंग उद्या चला माझ्यासोबत.

मी यावं असं काही नव्हतं. त्यांच्या हाताखाली माणसं होती, पण ती सुटीवर होती, आणि मला वाटतं त्यांना ती नकोच होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही अंबड रोडवरच्या फार्मवर गेलो. इतकी वर्षं त्या शेताचे फोटो मी सांभाळत होते आणि शेत पहिल्यांदाच पाहत होते. लाल-हिरव्या ओळी पार टोकाच्या लिंबापर्यंत गेलेल्या. सर पुढं, मी मागं लॅपटॉप धरून. ते वाकायचे, पान उलटून बघायचे, मिरची दाबायचे, आकडा सांगायचे. मी टाइप करायची. सुरुवातीला जल्दी चाललं होतं. मग ते अडखळायला लागले. एका झाडाशी यायचे, पुढं जायचे, पुन्हा मागं यायचे. मागच्या वेळी हे घेतलं होतं की शेजारचं, मला विचारायचे. मला कसं ठाऊक असणार? मी तसं म्हटलं की चिडायचे, आणि लगेच चिडल्याबद्दल हात जोडायचे.

दुपारी ते एका झाडापाशी बराच वेळ उभे राहिले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. शेतात आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं, आणि मला वाटलं की मीही तिथं नाहीच, हा माणूस एकटाच उभा आहे. शेवटी त्यांनी आकडा सांगितला. मी टाइप केला.

दिवाळीनंतर शाल-श्रीफळ देऊन त्यांना निरोप दिला. भाषणं झाली, फोटो झाले, ते बंगळुरूला मुलाकडं गेले. त्यांच्या जागी आलेल्या लोकांकडं त्यांची स्वतःची मिरची होती, दुसरीकडून आणलेली. कुणी वाईट नव्हतं. त्यांनी त्यांचं काम केलं, एवढंच. पण सरांचं मशीन कुणी उघडेना. कुणी कधी आत गेलं हे मला दिसतं, आणि रोज मला दिसायचं की कुणीच गेलं नाही. मी महिन्यातून एकदा त्याचा बॅकअप शेजारी उभा करून बघायची. चालू व्हायचं, फोटो उघडायचे, मी बंद करायची. उन्हाळ्यात शीतगृह साफ केलं तेव्हा नुसता नंबर असलेली बियाण्याची जुनी पाकिटं काढून टाकली, त्यात सरांचीही गेली. हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. बियाणं कधी गेलं हे माझ्या स्क्रीनवर दिसत नाही.

आणि मग मला वरच्या साहेबांचा मेल आला. डिस्क भरत आली आहे, संशोधनाचं जुनं मशीन आणि त्याचे बॅकअप काढून टाकावेत. मी उलट लिहिलं, वापरायला येईल कधीतरी. कुणाला, असं उत्तर आलं. एक नक्कल घरी न्यावी असं वाटून गेलं, पण कंपनीचं काही घरी न्यायचं नसतं, तशी सही मी नोकरीला लागतानाच केली आहे.

मी सरांना फोन लावला. मागं टीव्ही चालू होता, नातू रडत होता. त्यांनी जालन्याला ऊन कसं आहे विचारलं, शिपाईमामा कसे आहेत विचारलं. मग मी सांगितलं. पाकिटांचंही सांगितलं.

"मंग काढून टाका, मॅडम," ते म्हणाले. "बियाणंच न्हाई तर फोटू कशाला सांभाळता."

मी स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले.

"आन् तुम्ही होत्या ना त्या दिवशी शेतात. तुम्ही पाह्यलंय तिला. एका माणसाच्या ध्यानात राह्यली तरी बस झालं मला."

राहील सर, मी म्हणाले. फोन ठेवला आणि मशीन काढलं, मग त्याचे बॅकअप काढले. खरंच काढायचं का, असं स्क्रीननं दरवेळी विचारलं आणि मी दरवेळी हो म्हटलं. मग खोलीत बसून त्यांची मिरची आठवायचा प्रयत्न केला. मला ऊन आठवलं. त्यांची टोपी आठवली, घामानं चिकटलेला शर्ट आठवला, आणि ते एका झाडापाशी बराच वेळ उभे होते हे आठवलं. झाड मात्र कुठलं ते आठवेना. त्या दिवशी मी झाडाकडं बघतच नव्हते, मी त्यांच्याकडं बघत होते.